डावा भोवरा

चष्म्याच्या दुकानात माझी पाळी येण्याची वाट बघत बसलो होतो, तेव्हा एका अनोळखी माणसानं माझ्या डोक्याकडे बघून "अरे देवा!" म्हटलं. माझ्या डोक्याकडे बघून लोक सहसा काही म्हणत नाहीत. टक्कल ही म्हणण्यासारखी गोष्टच नाही. ती हवेसारखी असते. दिसते आणि लोक सोडून देतात. पण हा माणूस उठून माझ्यापुढे आला, थोडा वाकला आणि मयताच्या घरी विचारतात तशा आवाजात म्हणाला, "गेले? सगळे गेले?" त्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस होते. दाट नव्हते, पण होते, आणि नवे होते. ते मला लगेच कळलं, कारण नवा गालिचा घातलेल्या घरातला माणूस पहिले काही दिवस जसा भिंतीच्या कडेकडेनं चालतो, तशी त्याची बोटं कपाळाच्या कडेकडेनं फिरत होती. "आपण शेजारी शेजारी होतो की," तो म्हणाला. "तुम्ही पालथे होतात, मी उताणा. तुम्ही गाणी म्हणत होतात." मी जन्मात गाणं म्हटलेलं नाही. गाणी दादू म्हणतो. दादू म्हणजे माझा जुळा भाऊ. तो माझ्याआधी थोडा वेळ जगात आला आणि त्या थोड्या वेळावर आजवर मोठेपणा करत आला. माझ्याच वयाला, माझ्याच जागेवर, माझ्याच वेगानं त्यालाही टक्कल पडलं होतं. निदान त्या क्षणापर्यंत माझी तशी समजूत होती. म्हणजे दादूनं केस लावून घेतले होते, आणि ही बातमी मला चष्म्याच्या दुकानात, एका परक्या माणसाच्या घाबरलेल्या तोंडातून कळत होती. अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, मी तो नव्हे. मला तेवढा शहाणपणा सुचला नाही. मला मस्करी सुचली. "गेले," मी म्हणालो. "एकदम. सकाळी उठलो तर सगळे उशीवर. उशी मात्र फार छान दिसत होती." तो पांढरा पडला. "आणि डॉक्टर काय म्हणाले?" "डॉक्टर म्हणाले, बसेल." तो चष्मा न घेताच दुकानाबाहेर गेला. दोन्ही हातांनी डोकं धरून गेला, वारा नव्हता तरी.

बसेल हा शब्द माझा नाही, कंपनीचा आहे. आमची कंपनी गालिचे विकते. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे, चिकटवून बसवायचे. दादू शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात विकतो आणि मी तक्रारी बघतो. तो म्हणतो, "पाऊल टाकून तर बघा," आणि लोक पाऊल टाकतात. मग काही आठवड्यांनी मी त्यांच्या घरी जातो, तेव्हा ते दार उघडून माझ्यावर ओरडतात, "तुम्हीच ना ते, पाऊल टाका म्हणणारे!" मी नाकारत नाही. नाकारलं तर भाऊ सांगावा लागतो, भाऊ सांगितला की जुळा सांगावा लागतो, आणि जुळा म्हटलं की माणूस तक्रार विसरून विचारतो, एकाला मारलं की दुसऱ्याला लागतं का हो? लागत नाही. एकाला केस आले की दुसऱ्याला येतात का, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. तर गालिच्याला लव असते आणि ती एका दिशेला झुकलेली असते. एकीकडून बघितली की फिकट, दुसरीकडून गडद. दोन तुकडे जोडताना लवेची दिशा एक ठेवावी लागते. कारागिरानं घाईत एक तुकडा उलटा फिरवला, तर खोलीत बसलेल्याला काही कळत नाही, पण दारात उभं राहिलेल्याला खोली मधोमध चिरलेली दिसते. म्हणून तक्रार दारातून बघायची असते. मग गुडघे टेकायचे, उजेडाकडे तोंड करायचं, लवेच्या विरुद्ध तळहात फिरवायचा आणि उठून म्हणायचं, बसेल. रंग वेगळा वाटतोय? डोळ्यात बसेल. फुगा आलाय? वापरानं बसेल. वास येतोय? तोही बसेल. आणि फारच झालं तर, आधीचा कारागीर आता आमच्याकडे नसतो. एवढ्या दोन वाक्यांवर मी नोकरी टिकवली आहे. लग्न त्याच दोन वाक्यांवर टिकवायला गेलो, ते टिकलं नाही.

त्या दुकानातून घरी येताना मी काचांमधून स्वतःला बघत आलो. बंद दुकानांच्या काचा, उभ्या गाड्यांच्या काचा, एका इमारतीचं काळं चकचकीत दार. प्रत्येकीत एक टक्कल चालत होतं आणि पहिल्यांदाच ते एकटं होतं. आत्तापर्यंत कुठेही आरशात बघितलं की मला वाटायचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला हेच डोकं आत्ता उन्हात तापत असेल, त्याच्यावरही हाच घाम असेल. याला प्रेम म्हणत नाहीत, पण सोबत म्हणतात. केस जायला लागले तेव्हा आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो आणि दोघांत एक कंगवा होता. कुणाचे जास्त गेले ते कंगव्यावरून कळायचं नाही, म्हणून भांडण व्हायचं नाही. एक दिवस दादूनं तो कंगवा खिडकीतून फेकला आणि म्हणाला, "जाऊ दे रे, दोघांचं एकदम जातंय हे बरं. एकट्याचं गेलं असतं तर लाज वाटली असती." हे वाक्य त्याच्या लक्षात राहिलं नसणार. विकणाऱ्यांची वाक्यं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, ती आमच्या राहतात.

कारण केस लावून घ्यायला मी त्याच्या आधी गेलो होतो. त्याच दवाखान्यात. हे मी दादूला सांगितलं नव्हतं, तसं त्यानंही मला सांगितलं नाही. त्या बाबतीत आम्ही अजूनही जुळे आहोत. बाहेरच्या खोलीत भिंतभर फोटो होते, आधीचे आणि नंतरचे. आधीच्या फोटोत सगळे दुःखी होते आणि अंधारात बसले होते, नंतरच्या फोटोत सगळे हसत होते आणि खिडकीजवळ बसले होते. मी धंद्याच्या सवयीनं दारात जाऊन ती भिंत बघितली. उजेडाचे पैसे घेतात असं वाटलं. आतले डॉक्टर स्वतः टकले होते. "तुम्ही का नाही करून घेतलं?" मी विचारलं. "वेळ कुठे मिळतो," ते म्हणाले. हा माणूस मला आवडला. त्यांनी माझं डोकं भिंगातून बघितलं, मागची पट्टी दोन कानांच्या मधे चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, माल चांगला आहे, पण थोडा आहे. हे मागचे केस सहसा आयुष्यभर जात नाहीत. ते मुळासकट काढून दुसरीकडे लावायचे, एवढंच काम. नवे कुठून येत नाहीत, आहेत तेच जागा बदलतात. एकदा पुरतील. पुढे लावायचे की वर शेंड्यावर, ते ठरवा. दोन्हीकडे होणार नाही. "शेंड्यावर," मी म्हणालो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लोक कपाळ मागतात. शेंड्यावर कोण बघणार तुमच्या?" "आई," मी म्हणालो. "भोवरा करता येईल? डावा?"

आईला आम्ही दोघं कधी वेगळे दिसलोच नाही. एकाला तीळ नाही, दुसऱ्याला व्रण नाही, दातसुद्धा आम्ही एकाच आठवड्यात पाडले. शिवाय दोघंही खोटारडे. तू कोण, असं विचारलं की ज्याला मार पडणार नसेल तो मी. त्यामुळे ती तोंडावर विश्वास ठेवायची नाही. मानगूट धरून डोकं खाली दाबायची आणि शेंड्यावरचा भोवरा बघायची. दादूचा भोवरा उजवीकडे फिरायचा, माझा डावीकडे. ती भोवऱ्यावर बोट ठेवायची, त्याच्याबरोबर गोल फिरवायची, आणि मग मार तरी द्यायची नाहीतर म्हणायची, "शेपट्या." शेपट्या म्हणजे मी, कारण दादूच्या मागून शेपटासारखा आलो. कागदावरचं माझं नाव तिनं कधी वापरल्याचं आठवत नाही. मार खाताना डोळे मिटलेले असायचे, पण ते बोट आठवतं. जरा खरखरीत, आणि फिरताना शेवटी थोडं दाबणारं, पेच घट्ट केल्यासारखं. केस गेले ते नेमके तिथूनच जायला लागले. मग आईचे डोळे गेले, सगळे नाही, माणसं सावल्यांसारखी दिसण्याइतके उरले. मग हळूहळू इतर सामान हललं. आठवणी असतात, पण कोणती कुठल्या खोलीत ठेवली ते तिला सापडत नाही. ती माझ्याकडे राहते. मी तिला उठवतो, आंघोळीला पाणी काढतो, जेवू घालतो, औषधं देतो, नखं कापतो. संध्याकाळी कामावरून आलो की ती हात वर करते आणि मी वाकतो. तिचं बोट माझ्या डोक्यावर भोवरा शोधतं. कातडी गुळगुळीत. बोट घसरतं, परत येतं, परत घसरतं. मग ती हात काढून घेते आणि म्हणते, "अरे." एवढंच. "आई, मी शेपट्या." "लबाड. दोघंही हेच म्हणता." गेली कित्येक वर्षं मी अरे आहे. अरे, पाणी दे. अरे, खिडकी लाव. दादू सणासुदीसारखा कधीतरी येतो, तोही अरे असतो. समान वागणूक म्हणतात ती ही.

तर मला केस हवे होते ते एवढ्यासाठी. एका नाण्याएवढ्या जागेसाठी. आणि तरी मी थांबलो, कारण दादू एकटा पडेल. एकट्याचं गेलं असतं तर लाज वाटली असती, हे त्याचं वाक्य मी त्याच्यासाठी सांभाळून ठेवलं होतं. मी मागची पट्टी तशीच डोक्यावर वागवत राहिलो, पेटीत ठेवलेल्या कापडासारखी, आणि इकडे हा पालथा पडून गाणी म्हणत होता.

त्याचा फोन दोन दिवसांत आला. "काय सांगितलंस तू त्या माणसाला?"

"कुठल्या माणसाला?"

"शेपट्या, नाटकं करू नकोस. तो दवाखान्यात जाऊन आडवा पडलाय. म्हणतो, सगळ्यांचे गळणार. ते ऐकून केस लावायला आलेल्या तिघांनी रद्द केलं. त्यांनी मला तपासायला बोलावलं. मी गेलो तर तिथली पोरगी माझ्या डोक्याकडे बघून म्हणते, एवढ्यात परत उगवले?"

"अभिनंदन," मी म्हणालो. तो म्हणाला, "रविवारी येतो. तू बघ. बाकी सगळे चांगलं दिसतंय म्हणतात. तू खरं सांगशील."

तो टोपी घालून आला. आई खुर्चीत होती, तिनं हात वर केला, पण तो वाकला नाही, तिच्या हाताला हात लावून पुढे आला. माझ्या खोलीत येऊन त्यानं दार लावलं आणि टोपी काढली. "असा गप्प राहू नकोस," तो म्हणाला. मी त्याला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिलो. मग जवळ गेलो, वाकलो, उजेडाकडे तोंड केलं आणि लवेच्या विरुद्ध तळहात फिरवला. पुढची रेषा फूटपट्टीनं आखलेली होती. अशा सरळ रेषेत केस फक्त ब्रशला असतात. मागून काढलेले जाड केस अगदी पहिल्या रांगेत लावले होते, एकेका भोकात झुपकाभर, त्यामुळे कपाळ संपतं तिथे कुणी कुंपण घातल्यासारखं वाटत होतं. डावीकडचे केस डावीकडे झुकलेले, उजवीकडचे पुढे, आणि मधे एक भांग, जो त्यानं पाडलेला नव्हता. लव उलटी बसवली होती. दारातून डोकं चिरलेलं दिसत होतं. शेंडा तसाच, माझ्यासारखा. आणि मागची पट्टी, जिथून माल काढला, तिथे उंदरानं कुरतडल्यासारखी भोकं भोकं होती. इतकी वर्षं मी लोकांच्या घरात गुडघे टेकले, पण इतकं वाईट काम बघितलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. मग तो माझ्याच चेहऱ्यानं माझ्याकडे वर बघत होता हे लक्षात आलं, आणि आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

"बसेल," मी म्हणालो.

"मी गिऱ्हाईक आहे का रे?" तो ओरडला. आणि मग हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. "परवा एक बाई आली दुकानात. मी तिला नमुने दाखवतोय. तिनं माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं आणि नवऱ्याला म्हणाली, असा नको हं." मला हसू आवरेना. तोही हसला. लहानपणी मार खाल्ल्यावर आम्ही पलंगाखाली असेच हसायचो, रडं त्यातच मिसळून टाकायचो म्हणजे कुणाचं किती ते कळायचं नाही. "मला दुकानातून काढून गोदामात टाकणारेत," तो म्हणाला. "माणसांसमोर उभं राहायला नको म्हणून. मला दुसरं काय येतं रे? माणसांसमोर उभं राहणं, एवढंच येतं." ज्यानं हे केलं तो डॉक्टर कुठे आहे, असं मी विचारलं. दादूनं नाक पुसलं. "आधीचे डॉक्टर आता तिथे नसतात." टकल्या डॉक्टरांनी त्याला बघितलं होतं. पुढची रांग काढून नीट करतो, शेंडा भरतो, फुकट करून देतो म्हणाले होते, पण याच्या मागे आता काही उरलेलं नाही. दुसऱ्या कुणाचे केस चालत नाहीत, शरीर परकं ओळखतं आणि टाकून देतं. "फक्त एक सोडून," दादू म्हणाला आणि माझ्या मानेकडे बघायला लागला. "एकसारखा जुळा असेल तर त्याचे चालतात. शरीराला कळत नाही. आपलेच समजतं."

"शरीराला फसवायचं?"

"आईला फसवलंय. शरीर काय मोठं लागून गेलंय?"

मी त्याला सांगू शकलो असतो. भोवऱ्याचं, नाण्याएवढ्या जागेचं, की एकदाच पुरतील. मी तोंड उघडलं, पण ती गोष्ट बोलून दाखवली की कशी दिसेल ते मला दिसलं. चाळिशीचा बाप्या, आईनं नावानं हाक मारावी म्हणून डोक्याला भोकं पाडून घेणार. त्याच्या बाजूला नोकरी होती, अब्रू होती, रडू होतं. माझ्या बाजूला एक खरखरीत बोट. मी म्हणालो, बघू. तेव्हा बाहेरून आई म्हणाली, "काय मागतोय रे तो?" तिचे कान शाबूत आहेत. दादूनं दार उघडलं. "केस मागतोय, आई." "कुणाचे?" "याचे." आईनं दोन सावल्यांकडे आळीपाळीनं बघितलं. "दे ना मग. मोठा मागतोय तर नाही म्हणू नये." "आई, यातला मोठा कोण?" मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं. ती विचारात पडली, कपाळाला आठ्या घालून, एखादी किल्ली शोधावी तशी. "जो मागतो तो," ती म्हणाली.

दवाखान्यातली खुर्ची अशी होती की तोंड एका भोकात घालून पालथं पडायचं. भोकातून फक्त जमीन दिसत होती. म्हणजे मी माझ्या कामावरच होतो. प्लास्टिकचं अंथरलेलं होतं, फिकट निळं, आणि बरोबर माझ्या नाकाखाली सांधा उघडा पडला होता. "सांधा उघडा आहे तुमचा," मी म्हणालो. "हलू नका," नर्स म्हणाली. सुया टोचल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्या सांध्यात पडलं. मग डोकं माझं राहिलं नाही. ते कुठेतरी वर होतं आणि तिथे कुणीतरी चिमट्यानं बारीक बारीक काही उपटत होतं. दुखत नव्हतं, फक्त आवाज येत होता. ओल्या कापडातून दोरा ओढल्यावर येतो तसा, एक, मग एक, मग एक. बाजूच्या खुर्चीत दादू होता. त्याला गोळी दिली होती. आधी त्यानं एक गाणं म्हटलं, मग अर्धं म्हटलं, मग तो घोरायला लागला. नर्स त्या मुळांना थंड पाण्याच्या बशीत ठेवत होती. मला बशी दिसत नव्हती, पण तिच्या बुटांची ये-जा दिसत होती. माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे. येताना रिकामे आणि जाताना भरलेले बूट ओळखता येतात. आईच्या पोटात आम्ही होतो तेव्हाही हेच चाललं असेल, असं मला वाटलं. तेव्हाही कुणीतरी माझ्याकडून घेऊन त्याला देत असणार, मोठा मागतोय तर नाही म्हणू नये म्हणून.

काम संपल्यावर मला उठवून बसवलं, डोक्याला पट्टी बांधली. डॉक्टर दादूच्या शेंड्यावर वाकले होते. पुढचं झालं होतं, मला बसल्या जागेवरून दिसत होतं, आणि काम चांगलं होतं. रेषा वाकडीतिकडी, पुढे एकेकटे बारीक केस, दिशा सगळ्यांची नीट. "तुमच्या लक्षात आलंय ना," डॉक्टर हळू म्हणाले, "यापुढे तुम्हाला काही करायचं म्हटलं तर मागे काही उरलेलं नाही." मी म्हणालो, आलंय. "तुम्ही ते भोवऱ्याचं बोलला होतात मागे." त्यांना आठवत होतं. मला त्यांचा राग आला. "यांचं आता तेच करतोय. यांचा भोवरा कुठल्या बाजूचा होता? हे तर झोपलेत."

मी दादूकडे बघितलं. तोंड उघडं टाकून तो झोपला होता, आणि मी झोपेत कसा दिसतो ते मला दिसत होतं. खरं उत्तर उजवा हे होतं. ते मला माझ्या नावासारखं पाठ होतं, नावापेक्षा जास्त. पण तीच जुनी खाज उठली, चष्म्याच्या दुकानात उठली होती ती. माल माझा, तर खूण माझी. त्याला जन्मभर कळणारही नाही की डोक्याच्या मागे माझी सही घेऊन फिरतोय. गिऱ्हाइकांना पाऊल टाकून बघा म्हणेल आणि मागून मी दिसत राहीन. भारी वाटलं मला ते. पुढचा विचार मी केला नाही. तक्रारीवाले पुढचा विचार करत नाहीत. झालेलं बघतात.

"डावा," मी म्हणालो.

लावलेले केस आधी गळतात आणि मग कितीतरी महिन्यांनी उगवतात. दादू मधल्या काळात मला फोन करून गळाल्याचं सांगायचा आणि मी बसेल म्हणायचो. या वेळी ते खरं होतं. माझ्या मागच्या बाजूला मात्र काही उगवायचं नव्हतं. आता मी सगळीकडून सारखा झालो होतो. दारातून बघा, खिडकीतून बघा, दिशा नाही, सांधा नाही, तक्रारीला जागा नाही. दवाखान्यानं भिंतीवर नवा फोटो लावला. दादू खिडकीजवळ बसून हसतोय, आणि त्याच्या शेजारी, अंधारात, आधीचा. दादूचा आधीचा फोटो कुठेतरी हरवला होता म्हणून त्यांनी माझा काढून घेतला होता. मी दुःखी दिसावं म्हणून त्यांना काही सांगावं लागलं नाही.

मग एका रविवारी दुपारी तो टोपीशिवाय आला. नवीन शर्ट, दुकानात पुन्हा पुढच्या काउंटरवर, आवाजात तोच जुना तोरा. मी आईची नखं कापत होतो. तिनं सावली बघितली आणि सवयीनं हात वर केला. या वेळी दादू वाकला. अगदी हौसेनं वाकला, नवीन घर दाखवावं तसा. आईचा हात त्याच्या केसांत गेला आणि थबकला. बोटं पुढून मागे गेली, शेंड्यावर आली. तिथे एका बोटानं फिरायला सुरुवात केली, आणि ते घसरलं नाही. ते डावीकडे वळलं, गोल फिरलं, आणि शेवटी थोडं दाबलं, पेच घट्ट केल्यासारखं.

"शेपट्या," आई म्हणाली.

तिचा चेहरा मी इतकी वर्षं रोज धुतोय, पण त्यात अजून एवढं काही शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. "शेपट्या, आलास रे? कुठे होतास? किती वर्षं झाली!" दादूनं मान खाली असतानाच डोळे वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. त्याला सगळं कळलं, भोवराही, डॉक्टरांचा प्रश्नही, माझं उत्तरही. आम्ही जुळे आहोत ते एवढ्यापुरते. मी सांग म्हणून खूण केली. तू दादू आहेस म्हणून सांग. तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "आलो ना, आई. शेपट्याच आहे मी." आणि ते त्यानं दुष्टपणानं म्हटलं नाही, हे मला उरलेल्या आयुष्यात स्वतःला पटवत बसावं लागणार आहे. आईनं त्याचं डोकं छातीशी धरलं. मग आवाज खाली आणून, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाली, "इथे एक टकल्या असतो बघ. चांगला आहे बिचारा. वेळेवर जेवायला देतो. पण तो आपला नव्हे. आता तू आलायस तर त्याला जायला सांग."

माझ्या हातात नेलकटर होतं आणि तिच्या एका हाताच्या दोन बोटांची नखं राहिली होती. मी ती कापली.

जाताना दादू दारात थांबला. बराच वेळ बूट घालत बसला, लेस नसलेले. "मी सांगेन तिला," तो म्हणाला, "पुढच्या वेळी." मी म्हणालो, "तिला पटणार नाही. लबाड म्हणेल." "तू तसं का सांगितलंस डॉक्टरांना?" "मस्करी," मी म्हणालो. त्यानं मान हलवली, मस्करी त्याला समजते. मग जिन्याच्या उजेडात उभा राहून, विकणाऱ्याला राहवत नाही तसं, त्यानं विचारलंच. "कसं दिसतंय? खरं सांग." मी दारातून बघितलं. जवळ गेलो, त्याला वाकवलं, उजेडाकडे तोंड केलं आणि तळहात लवेच्या विरुद्ध फिरवला. केस माझे होते, हाताला ओळखीचे लागले. कुठे सांधा नव्हता. शेंड्यावर भोवरा होता, डावा, कुणी लावलाय असं वाटूच नये असा. इतक्या वर्षांत मी बघितलेलं सगळ्यात चांगलं काम.

"बसेल," मी म्हणालो.

तो जिना उतरून गेला. मी दार लावलं. आतून आईची हाक आली, "अरे!"

मी गेलो.